बंदुकांच्या जत्रेस आतां जावें काय?

आमच्या वाचक-कुटुंबांपैकीं असें घर आतां क्वचितच सांपडेल कीं, ज्यांतील कोणी मुलगा, पुतण्या अथवा भाचा अमेरिकेंत नाहीं. तिकडून येणाऱ्या पत्रांत (पत्रें कसलीं, दूरध्वनीच्या पडद्यावरील दोन ओळीच त्या!) हवापाणी, नोकरी आणि बर्फ यांच्या जोडीला कधीं कधीं अशीहि वार्ता असते कीं, “रविवारीं मित्रांबरोबर गन शो पाहावयास गेलों होतों.” तें वाचून वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. बंदूक ही शिपायाच्या खांद्यावर पाहावयाची वस्तु. तिची जत्रा भरावी, लोकांनीं तिकीट काढून आंत जावें आणि भाजी निवडावी तशी ती निवडून घ्यावी, ही कल्पनाच आपल्या मनाला शिवत नाहीं. तथापि तशी जत्रा भरते ही गोष्ट खरी. आणि गंमत अशी कीं, त्या देशांतील जुनीं जाणतीं गिऱ्हाइकेंच आतां एकमेकांस विचारूं लागलीं आहेत कीं, या जत्रेस जाण्यांत कांहीं हांशील उरलें आहे काय? शस्त्र घरांत बाळगावें कीं नाहीं, हा वाद निराळा आणि फार मोठा आहे. त्या देशांत बंदुकीनें होणाऱ्या मृत्यूंपैकीं निम्म्याहून अधिक आत्महत्यांचे असतात, एवढी एकच गोष्ट सांगून तो वाद मी येथें बाजूस ठेवितों. प्रश्न बाजाराचा आहे. त्याचा विचार बाजाराच्याच रीतीनें करूं.

जत्रेचें स्वरूप असें असतें. एकाद्या जिल्ह्याचें कृषिप्रदर्शनाचें मैदान किंवा मोठें सभागृह शनिवार-रविवारसाठीं भाड्यानें घेतात आणि लांबच लांब टेबलांच्या रांगा मांडतात. दारांत दहापासून वीस डॉलरपर्यंत प्रवेशमूल्य पडतें. कोणी आपली बंदूक विकावयास आणिली असेल, तर ती रिकामी आहे अशी खात्री करून, तिचा खटका प्लॅस्टिकच्या पट्टीनें बांधून मगच आंत सोडतात. ओक्लाहोमा राज्यांतील टुल्सा शहरीं वर्षांतून दोन वेळां भरणारी वानेनमाकर यांची जत्रा सर्वांत मोठी म्हणून प्रसिद्ध आहे. एकाच छपराखालीं सुमारें अकरा एकर जागा आणि चार हजारांवर टेबलें! पंढरीच्या वाळवंटांत चुकलेलें माणूस सांपडेल, पण तेथें चुकलेला सोबती सांपडणें कठीण.

या जत्रा मुळांत दुकानदारांच्या नव्हत्या, संग्राहकांच्या होत्या. ओहायो राज्यांतील बंदूक-संग्राहकांचा संघ १९३७ सालचा आहे. जुनीं नाणीं किंवा पोथ्या जमविणारे लोक जसे एकत्र जमून आपलें धन एकमेकांस दाखवितात, तसाच तो प्रकार होता. त्या काळीं बंदूक विकत घेण्यासाठीं जत्रेची गरजहि नव्हती, कारण ती टपालानें घरीं येत असे. १९६३ सालीं राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या ज्या इटालियन लष्करी रायफलीनें झाली, ती दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंटांस जाहिरात पाहून टपालानेंच मागविलेली होती. पुढें १९६८ सालीं मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचेहि खून झाले, आणि त्याच वर्षीं कायदा होऊन हा टपालाचा मार्ग बंद झाला. १९८६ सालच्या कायद्यानें परवानेदार विक्रेत्यांस आपल्या राज्यांतील जत्रेंत दुकान मांडण्याची स्पष्ट मोकळीक दिली, आणि मग संग्राहकांच्या मेळ्याचा खराखुरा बाजार झाला. सरकारी शस्त्रखात्यानें १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें त्याच्या आदल्या वर्षीं अशा सुमारें ४,४०० जत्रांच्या जाहिराती झाल्या होत्या.

गिऱ्हाइकांचा सुकाळ तोच. सोव्हिएत राज्य मोडल्यावर तिकडील कोठारांतून मोसिन-नागान जातीच्या जुन्या रायफली गठ्ठ्यांनीं आल्या, आणि या शतकाच्या आरंभींहि त्या शंभर डॉलरांच्या आंत मिळत. आज तिलाच तीनशें-चारशें डॉलर पडतात. शिवाय विक्रेत्याचें अज्ञान ही गिऱ्हाइकाची मोठीच मिळकत होती. मेलेल्या चुलत्याच्या पेटींत निघालेलें जर्मन पिस्तूल एकादी बाई टेबलावर ठेवी; त्याची किंमत तिला ठाऊक नसे, आणि जाणणारा तोंडांतून शब्द न काढतां पैसे मोजून चालूं लागे. (हा व्यवहार नीतीचा कीं अनीतीचा, हें ज्यानें त्यानें पाहावें. आपल्याकडील जुन्या बाजारांतहि पुण्यवंत फारसे नव्हते.)

तें अज्ञान आतां संपलें आहे. पुढें बंदुकांचे लिलाव संगणकाच्या जाळ्यावर होऊं लागले. कोणती बंदूक कोणत्या दिवशीं किती डॉलरांस गेली, हें आतां कोणासहि घरबसल्या दिसतें. बाईच्या खिशांतहि तेंच यंत्र आणि गिऱ्हाइकाच्या खिशांतहि तेंच. उलट विक्रेते त्या लिलावांतील सर्वांत चढी किंमत तेवढी पाठ करून येतात, आणि वस्तु गंजकी असली तरी भाव चकचकीत वस्तूचाच सांगतात.

नव्या पिस्तुलाचा हिशेब मांडून पाहूं. समजा, एकास पांचशें डॉलरांचें पिस्तूल हवें आहे. जाळ्यावर तें मागविलें, तर तें थेट घरीं येत नाहीं. गांवांतील परवानेदाराकडे येतें. तेथें फॉर्म भरावयाचा, पूर्वचौकशी व्हावयाची आणि परवानेदारास पंचवीस ते पन्नास डॉलर हशील द्यावयाचें. जत्रेंत परवानेदाराकडून घेतलें, तरी फॉर्म तोच आणि चौकशीहि तीच. ३० नोव्हेंबर १९९८ पासून ती तात्काळ चौकशी सर्व देशभर चालू आहे. मग वांचलें काय? हशील वांचलें. पण दोघांचें प्रवेशमूल्य, गाडी उभी करण्याचें भाडें, शंभर मैलांचें पेट्रोल आणि दुपारचें खाणें मांडलें, तर तें हशील केव्हांच विरून जातें. जत्रेंतल्या दुकानदारासहि टेबलाचें भाडें व दोन रात्रींचा मुक्काम अंगावर पडतो. तो खर्च शेवटीं कोणाच्या माथीं बसतो, हें व्यापारी गणित शिकविणाऱ्यास सांगावयास नको. “हातांत धरून पाहतां येतें” असें जत्रेचे अभिमानी सांगतात, आणि तें खरेंहि आहे. मूठ तळहातांत बसते कीं नाहीं, हें चित्रावरून कळत नाहीं. पण खटका बांधलेलें पिस्तूल झाडून पाहतां येत नाहीं. ज्या दुकानास नेमबाजीची जागा जोडलेली असते, तेथें थोड्या भाड्यांत तीच वस्तु झाडूनहि पाहतां येते. प्रथमच घेणाऱ्यानें जत्रेपेक्षां तेथेंच जावें, असें माझें मत आहे.

काडतुसांची गोष्ट थोडी निराळी. जे लोक रिकामीं काडतुसें घरीं पुन्हां भरतात, त्यांस दारू व प्रायमर लागतात. हे पदार्थ स्फोटक म्हणून टपाल-वाहतुकीवर जादा आकार बसतो. ते जत्रेंत घेतले, तर तो आकार वांचतो. अशीं गिऱ्हाइकें मोठे डबे काखोटीस मारून समाधानानें परत जातांना दिसतात.

परंतु जत्रेचें खरें मोल जुन्या शस्त्रांपाशीं आहे. तेथें पैशापेक्षां डोळा लागतो, आणि डोळा तयार होण्यासाठीं शेंकडों वस्तु प्रत्यक्ष पाहाव्या लागतात. पोथी ओळखणारा जसा अक्षराचें वळण, कागद आणि शेवटची पुष्पिका ताडून पाहतो, तशीच ही विद्या आहे. जर्मन ल्यूगर पिस्तुलाच्या लहान लहान भागांवर क्रमांकाचे शेवटचे आंकडे ठोकलेले असतात. ते सर्व जुळले तर एक किंमत, एक भाग जरी दुसऱ्याचा निघाला तरी दुसरी. जुन्या पोलादास नव्यानें निळा मुलामा दिला, कीं वस्तु अडाण्यास सुंदर दिसते आणि जाणत्याच्या लेखीं तिची किंमत निम्म्यावर येते. १९४५ सालीं सैनिकानें स्वतः घरीं आणलेल्या शस्त्रावर आयात करणाऱ्या कंपनीचा शिक्का नसतो. मागाहून व्यापाऱ्यांनीं आणलेल्यावर तो असतो. खोटे शिक्के ठोकणारे कारागीरहि आहेत, आणि नाझी खुणा ठोकून किंमत चढविण्याचा धंदा तर फारच बोकाळला आहे. हें सर्व चित्रांत कळत नाहीं. भिंग घेऊन टेबलाशीं वांकावें लागतें.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत खड्गलक्षणावर एक अध्यायच घातला आहे. पन्नास अंगुळांचें खड्ग उत्तम आणि पंचवीस अंगुळांचें कनिष्ठ, असें मान त्यांत दिलें आहे. आणि पुढें राजास बजाविलें आहे कीं, खड्ग विनाकारण उपसूं नये, त्यांत आपलें तोंड पाहूं नये, त्याची किंमत सांगूं नये व तें कोठलें हेंहि सांगूं नये. टुल्साच्या मांडवांत हे सर्व निषेध एका तासांत मोडतात! प्रत्येक शस्त्रास किमतीची चिठ्ठी, प्रत्येकाचें गांव लिहिलेलें, आणि उपसून पाहणाऱ्यांची रीघ.

गांव लिहिलेलें असतें खरें, पण तें बरोबर असतेंच असें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं भाच्याकडे गेलों असतां त्याच्याबरोबर तालुक्याएवढ्या एका गांवच्या लहानशा जत्रेंत जाण्याचा योग आला. निम्मीं टेबलें वाळविलेल्या मांसाच्या पट्ट्या, स्वस्त सुऱ्या आणि टोप्या यांचींच होतीं. एका कोपऱ्यांत माझ्याच वयाचा एक गृहस्थ चार-पांच जुन्या रायफली मांडून बसला होता. एकीवर चिठ्ठी होती : “ब्रिटिश, दुसरें महायुद्ध, ३०३.” मीं चष्मा सांवरून पाहिलें, तों पोलादावर आर. एफ. आय. हीं अक्षरें आणि १९६७ हें साल. भाचा हळूच म्हणाला, “मामा, तुम्ही बोला, मी बोललों तर त्यांना वाटेल, भाव पाडतोय.” तेव्हां मीं त्या गृहस्थास सांगितलें कीं, ही रायफल विलायतची नव्हे, कलकत्त्याजवळच्या इशापूर येथील कारखान्याची आहे. १९६२ च्या चिनी युद्धानंतर आमच्या सरकारनें जुन्या एन्फील्डच्या बांधणीवर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठीं ती नव्यानें घडविली. ३०३ चें काडतूस तिला चालत नाहीं. त्यानें भिंगानें तीं अक्षरें दोनदां वाचलीं, जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहितांना इशापूर हा शब्द मला अक्षर-अक्षर विचारून घेतला. ज्यांवर डी. पी. अशीं अक्षरें ठोकलेलीं असतात, त्या कवायतीच्या रायफली झाडण्यास सुरक्षित नसतात, हेंहि त्या प्रसंगीं सांगितलें. असल्या ठिकाणीं चिठ्ठीवर विश्वासून काडतुसें विकत घेणारा मनुष्य पैसे तर घालवीलच, पण प्रसंगीं हाताचीं बोटेंहि घालवील.

आतां ज्या गोष्टीमुळें या जत्रांचें नांव वर्तमानपत्रांत येतें, तिच्याविषयीं. सरकारी अहवालाप्रमाणें १९९९ च्या सुमारास बहुतेक जत्रांतील पाव ते निम्मे विक्रेते बिनपरवान्याचे होते. खासगी मालकानें आपल्याच राज्यांतील माणसास बंदूक विकली, तर केंद्र सरकारच्या कायद्यानें पूर्वचौकशीची सक्ती नाहीं; वीसेक राज्यांनीं मात्र स्वतःच्या कायद्यानें ती कमी-अधिक प्रमाणांत केली आहे. १९९३ सालचा ब्रॅडी कायदाहि परवानेदारांपुरताच होता. २०२२ सालीं नफ्यासाठीं वारंवार विकणाऱ्यास परवाना घेणें भाग पडावें म्हणून व्याख्या बदलली, आणि कॅलिफोर्नियानें तर १ जानेवारी २०२३ पासून सरकारी जागेंत बंदुकांची विक्रीच बंद केली. दुसऱ्या बाजूसहि न्याय केला पाहिजे : गुन्ह्याच्या वेळीं बंदूक बाळगणाऱ्या कैद्यांना २०१६ सालीं विचारलें, तेव्हां जत्रेंतून ती मिळविल्याचें सांगणारे शेंकडा एकाहूनहि कमी निघाले. गिऱ्हाइकाचा धोका मात्र वेगळाच आहे. अनोळखी माणसाकडून रोखीनें घेतलेली वस्तु चोरीची निघाली, तर पैसे गेले, वस्तु गेली आणि पोलिसांपुढें उत्तरें द्यावीं लागलीं तीं निराळींच. पिस्तूल तर परराज्यांतील जत्रेंतून थेट घेऊन येणें हाच गुन्हा आहे. तें आपल्या राज्यांतील परवानेदाराकडेच आलें पाहिजे. खासगी विक्रेत्याशीं सौदा ठरला, तरी शेजारच्या टेबलावरील परवानेदाराकडून तो करवून घ्यावा. चार पैसे अधिक जातील, पण तेवढ्यानें चौकशी होते आणि कागद राहतो.

आमच्या घरांतील मुलांस तर याहून मोठी अडचण आहे, आणि ती पुष्कळांस ठाऊकच नसते. नोकरीच्या अथवा शिक्षणाच्या व्हिसावर तेथें असलेल्या परदेशी माणसास बंदूक किंवा काडतुसें विकत घेणें व जवळ बाळगणें कायद्यानें मना आहे. शिकारीचा परवाना असणें यांसारखे कांहीं अपवाद आहेत. पण अपवादाच्या आधारावर उडी मारण्यापूर्वीं वकिलास विचारावें. कायमच्या रहिवासाचें ग्रीन कार्ड मिळाल्यावर ही मनाई उठते, तोंपर्यंत नाहीं. शिक्षा तुरुंगाची आहे आणि तिच्या मागोमाग हद्दपारीहि येऊं शकते. म्हणजे दहा वर्षें राबून मिळविलेली नोकरी व घर एका शनिवारच्या हौसेपायीं जावयाचें. माझ्या भाच्याजवळ त्या वेळीं कार्ड नव्हतें, म्हणून सबंध फेरींत त्यानें हात खिशांतून बाहेर काढले नाहींत. मला तें फार आवडलें.

ज्यास जुन्या वस्तूंची खरी हौस आहे आणि कायद्याची मोकळीकहि आहे, त्यानें तीन वर्षांस तीस डॉलर भरून संग्राहकाचा परवाना घ्यावा. पन्नास वर्षांवरील मूळ स्थितींतील शस्त्रें त्यावर घेतां येतात. मग खुशाल जत्रेस जावें. रविवारीं दुपारीं तीननंतर, विक्रेते सामान बांधूं लागले आणि परतीच्या वाटेवर जड पेट्या उचलण्याचा कंटाळा त्यांच्या तोंडावर दिसूं लागला, म्हणजे रोख पैसे पुढें करून घासाघीस करावी. त्या वेळीं भाव उतरतात. चांगली वस्तु मात्र तोंवर राहिलेली नसते. ती शनिवारीं पहाटे, लोकांसाठीं दार उघडण्यापूर्वींच, टेबलें मांडणाऱ्या विक्रेत्यांमध्येंच हातोहात खपून गेलेली असते.