आकाशातील अज्ञात प्रकाश आणि सरकारी गुप्तता

२०२४ च्या पावसाळ्यात शिरूर-दौंड परिसरातील गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालताना दिसले. ते कोणाचे, हे न कळल्याने चोरांच्या टेहळणीची भीती पसरली. गावकऱ्यांनी रात्री जागून काढल्या. माहिती नसली की तिची जागा अफवा घेते.

सरकारच माहिती दडवते, तेव्हा काय घडते? १९५५ पासून अमेरिकेचे यू-२ हे गुप्त टेहळणी विमान साठ हजार फुटांहून उंच उडू लागले. अनेकांना ती ‘उडती तबकडी’ वाटली. हवाई दलाने मात्र हिमकण, तापमानातील बदल अशी कारणे पुढे केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय टेहळणी कार्यालयाच्या (एनआरओ) इतिहासकाराने १९९७ मध्ये हे नमूद केले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. साक्षीदार खोटे बोलत नव्हते. तरीही सरकारने काही लपविले, एवढ्यावरून परग्रहवासी आले असे सिद्ध होत नाही.