कृष्णविवराची खतावणी

दि. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन वेधशाळांना एका दूरस्थ घटनेची चाहूल लागली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दोन कृष्णविवरे परस्परांत विलीन झाली होती. एकाचे वस्तुमान सूर्याच्या ३६ पट, दुसऱ्याचे २९ पट, बेरीज ६५. परंतु नव्याने निर्माण झालेले कृष्णविवर भरले ६२ सूर्यांचे. व्यापाऱ्याची नजर येथेच अडावी. तीन सूर्यांचा माल गेला कोठे?

तो बुडाला नव्हता. पदार्थ आणि ऊर्जा ही एकाच धनाची दोन नाणी आहेत, हे आइन्स्टाइनने दाखविलेच होते. तेवढी ऊर्जा गुरुत्वलहरींच्या रूपाने विश्वात पसरली. आपल्यापर्यंत येताना ती इतकी क्षीण झाली की वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूंत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. (अशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जाणार असून २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.) मात्र ही ऊर्जा विवरांच्या आतून निसटली, असे समजू नये. ती त्यांच्या सभोवतालच्या वक्र अवकाशातून निघाली. एकदा घटनाक्षितिज ओलांडले की प्रकाशालाही परतीचा मार्ग नाही.

आत गेलेल्या पदार्थाचे काय होते? सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार त्याची वाटचाल अटळपणे अंताकडे, अमर्याद वक्रतेच्या स्थितीकडे होते. हे रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये गणिताने सिद्ध केले आणि त्यासाठी २०२० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या स्थितीत स्वतः सिद्धान्तच निरुत्तर होतो. बाहेरून मात्र तीनच नोंदी दिसतात : वस्तुमान, विद्युतभार आणि परिवलन. आत सोने पडो, धान्य पडो की नुसता प्रकाश पडो, खतावणीत एकूण रक्कम चढते. रोजकीर्दीतील तपशील दिसत नाही.

तपशील आत सुरक्षित आहे, असे म्हणून स्वस्थ बसता आले असते. पण १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी दाखविले की कृष्णविवर अत्यंत मंद उष्णता उत्सर्जित करते आणि झिजत जाते. सूर्याएवढ्या विवराचे तापमान एका केल्विनच्या कोट्यंशाहूनही कमी. आजचे अवकाश त्याहून उबदार असल्याने तूर्त त्याचा खर्च कमी आणि जमा अधिक आहे. पुढे कधी ते पूर्ण आटण्यास लागणारी वर्षे लिहायची तर एकावर ६७ शून्ये द्यावी लागतील. अडचण कालावधीची नाही. हॉकिंग यांच्या गणितात ही उष्णता कोरी होती. काय आत पडले, याची तिच्यावर कोणतीच खूण नव्हती. म्हणजे रक्कम चोख परत मिळाली, पण वही जळाली.

जैन दर्शनाशी परिचित वाचकाला येथे द्रव्य आणि पर्याय आठवतील. द्रव्य ध्रुव, पर्याय मात्र उत्पन्न होतात व लय पावतात. तत्त्वार्थसूत्रात तर अंधार, छाया, ऊन आणि प्रकाश हेही पुद्गलाचेच पर्याय गणले आहेत. म्हणून आचार्यांना कृष्णविवर ठाऊक होते, असा दावा करणे मला योग्य वाटत नाही; तसे करण्याने ना दर्शनाचा मान वाढतो, ना विज्ञान समजते. उलट पुंजभौतिकीची अट येथे अधिक कठोर दिसते. पर्याय नष्ट झाला तरी त्याचा माग नष्ट होता कामा नये; आजच्या स्थितीवरून कालची स्थिती तत्त्वतः काढता आलीच पाहिजे, असा तिचा आग्रह आहे.

यावर १९९७ मध्ये पैज लागली. माहिती कायमची लोपते, या बाजूला हॉकिंग आणि किप थॉर्न. लोपत नाही, या बाजूला जॉन प्रेस्किल. २००४ मध्ये डब्लिन येथील परिषदेत हॉकिंग यांनी हार मान्य केली आणि ठरल्याप्रमाणे विजेत्याला हवा तो ज्ञानकोश दिला. तो बेसबॉलचा होता! थॉर्न यांनी मात्र तेव्हा हार मानली नाही.

त्यांचा सावधपणा अनाठायी नव्हता. माहिती जपली जात असेल तर उत्सर्जनाच्या एन्ट्रॉपीचा आलेख आधी चढून मग उतरला पाहिजे, असे डॉन पेज यांनी १९९३ मध्ये दाखविले होते. २०१९ पासूनच्या गणितांत, विवराच्या सोप्या प्रतिकृतींपुरता, तसा आलेख खरोखर मिळाला आहे. वही जळत नाही, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. पण आतील अक्षरे त्या मंद उष्णतेवर नेमकी कशी उमटतात, हे त्या गणितातून अद्याप वाचता आलेले नाही.