गाल फुगवा, काका!

“काका, फुगा फुगवताना करता ना, तसे गाल फुगवा. ओठ घट्ट मिटा आणि श्वास नाकाने घ्या.”

घाटकोपरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन मुलगी रिक्षावाल्या काकांकडून सराव करून घेत होती. काकांच्या डाव्या गालात, खालच्या हिरडीला लागून जखम आहे. कॅन्सर असल्याचं बायोप्सीत आधीच कळलंय. आता तो कुठवर गेलाय, ते सीटी स्कॅनमध्ये पाहायचंय.

तंबाखूची गोळी धरतात त्याच खाचेत, गाल आणि हिरडीच्या मध्ये, आपल्याकडे हा आजार फार दिसतो. तोंड मिटलं की तिथे गाल हिरडीला चिकटतो. गाठ नेमकी गालाची की हिरडीची, हे चित्रावरून सांगता येत नाही. मध्ये हवा भरली की काळी फट पडते आणि दोघं वेगळे दिसतात. म्हणून हा गाल फुगवण्याचा खटाटोप. सुपारीने काकांचे गाल ताठरलेत, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. पहिल्यांदा हवा ओठांतून सुटली, मग जमलं. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा, रिपोर्ट पाहून शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिलं. “अंगात गरम वाटेल, घाबरू नका.” प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांत आटोपला.

खरं काम पुढे, पडद्यासमोर. रेडिओलॉजिस्ट डॉक्टर माउसचं चाक फिरवत एकेक काप पाहत होत्या. आधी जबड्याच्या हाडाची पांढरी कड. ती शाबूत असेल, तर पुष्कळदा जबड्याचा वरचा काठ काढून भागतं. आजार हाडाच्या आत मगजापर्यंत गेला असेल, तर जबड्याचा अख्खा तुकडा काढावा लागतो आणि त्या जागी बहुधा पायातलं फिब्युला हाड बसवतात. मग मागचे चावण्याचे स्नायू: आजार तिथे किती वर चढलाय, यावर ऑपरेशन करायचं की नाही हेही ठरतं. शेवटी मानेतल्या लसिकाग्रंथी: आजार तिथे पसरलाय का.

जिभेच्या कॅन्सरला मात्र बहुधा एमआरआय बरा. तिथे आजार किती खोल गेलाय ते मोजतात; 5 आणि 10 मिलिमीटर या रेषा ओलांडल्या की टप्पा बदलू शकतो.

पण स्कॅनला सगळंच दिसत नाही. मानेत गाठ हाताला लागत नसलेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांवर परळच्या टाटा हॉस्पिटलने केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या, त्यांच्यात तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के. म्हणूनच स्कॅनमध्ये मान स्वच्छ दिसली, तरी सर्जन बहुतेकदा ती उघडतातच.

काकांच्या स्कॅनमध्ये मात्र डॉक्टर एका खड्ड्याशी अडल्या. जखमेजवळचा दात हलत होता, तो काकांनी मागच्याच महिन्यात काढून घेतला होता. हाड आजाराने खाल्लंय की दात काढल्याची ती खाच आहे, हे सांगणं आता अवघड. तेव्हा एवढंच सांगणं: दोन-तीन आठवड्यांत न भरलेल्या जखमेशेजारचा दात हलू लागला, तर उपटायची घाई करू नका. आधी जखम दाखवा.