चाक आणि माती (लेखांक ६) : हौद्यातले वजन

वसईच्या पश्चिम पट्ट्याला पिकअप नवी नाही. निर्मळ, नाळे, भुईगाव, आगाशी इथल्या वाड्यांतून केळी, भाजी आणि फुले बाजारात न्यायला टेंपो आणि पिकअप वर्षभर राबतात. हौद्यात माल असला की पावसाळ्यातल्या मऊ वाटेवर गाडी चाक धरून चालते. तीच गाडी रिकामी परतताना त्याच वळणावर मागून घसरते. हे इथला कुठलाही पिकअपवाला सांगेल. मोठ्या, महागड्या फोर बाय फोर पिकअपचे मर्मही यातच आहे, म्हणून या आठवड्यात सुरुवात हौद्यापासून.

भारतात खाजगी वापरासाठी अशी पिकअप रुजवली ती इसुझूच्या डी-मॅक्स व्ही-क्रॉसने, २०१६ साली. २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. दोन्ही गाड्या सुमारे ५.३ मीटर लांब, दोन्हींना शिडीसारखी मजबूत चॅसी, पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. घर सोडून चार-आठ दिवस, वाटेत जेवण-झोप करत, डांबर संपल्यावरही पुढे जायचे, असा प्रवास करणाऱ्यांना या गाड्या खुणावतात. तंबू, पाणी, शेगडी, हत्यारे, दुसरी स्टेपनी हे सगळे न्यायला हौद्यासारखी जागा दुसऱ्या गाडीत मिळत नाही.

रिकाम्या पिकअपचे इंजिन, गिअरबॉक्स आणि केबिन हे सगळे पुढे असते. मागे पत्र्याचा हौदा आणि हवा. त्यातून मागच्या बाजूला कमानीचे पाटे. हे पाटे भार उचलण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे रिकाम्या गाडीत ते ताठ राहतात. वाटेत खड्डा आला की चाकाने खाली उतरून जमीन शोधायला हवी, पण ताठ पाटा त्याला पुरेसे उतरू देत नाही. चाक हवेत लटकते किंवा जमिनीला जेमतेम टेकते.

अशा वेळी डिफरन्शियल अडचणीत भर घालतो. वळणावर आतले चाक कमी आणि बाहेरचे जास्त फिरावे, यासाठी तो असतो. पण दोन्ही चाकांना तो जोर सारखाच देतो, आणि हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही. म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. एक चाक गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. मागच्या लेखात पाहिलेली लो रेंज चाकाकडे जाणारा जोर साधारण अडीचपट करते, पण लटकलेल्या चाकापुढे तिचेही काही चालत नाही. हायलक्सच्या मागच्या डिफरन्शियलला इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. बटण दाबले की मागची दोन्ही चाके एकत्रच फिरतात आणि टेकलेले चाक गाडी ओढून काढते. हे लॉक निसरड्या जागी, अगदी सावकाश आणि शक्यतो सरळ जाताना वापरायचे. अडचण सरली की लगेच सोडवायचे, कारण लॉक लावून घट्ट रस्त्यावर वळण घेतले तर टायर आणि आतले दाते दोन्हींवर ताण येतो.

हौद्यात शे-दीडशे किलो नीट रचून ठेवले तर यातला बराचसा त्रास आपोआप कमी होतो. पाटा दबतो, चाक खाली उतरू लागते, टायर जमिनीला धरतो. सामान घेऊन लांब जाण्यासाठी पिकअप योग्य का, याचे उत्तर माझ्या मते यातच आहे. ती भार घेऊनच नीट चालते.

उंचसखल जागी मात्र पिकअपने जीपशी बरोबरी करू नये. नाशिकला बनणाऱ्या तीन दारांच्या थारचा पुढचा कोन ४१.८ अंश आणि मागचा ३६.८ अंश. हायलक्सचे हेच आकडे २९ आणि २६. म्हणजे थार जो बांध नाक न घासता चढेल, तिथे पिकअपचा बंपर आधी टेकेल, आणि उतरताना हौद्याची शेपटी घासेल. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर थारचे २.४५ मीटर, पिकअपचे तीन मीटरच्या वर. शेताचा उंच बांध ओलांडताना पिकअपचे पोट त्यावर बसते आणि चारही चाकांवरचे वजन उतरते. एकदा पोट टेकले की फोर बाय फोरचा उपयोग संपतो. बांध समोरून न घेता तिरका घ्यावा. एका वेळी एकच चाक चढते आणि पोटाला जागा मिळते.

आता टायरच्या हवेविषयी. पंपावर ‘किती भरू?’ विचारले की आपण बत्तीस म्हणतो आणि विसरून जातो, पण कच्च्या वाटेवर इतका फरक दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने पडत नसावा. टायर जमिनीवर जो दाब टाकतो, तो ढोबळमानाने टायरमधल्या हवेच्या दाबाइतका असतो. दोन टनांची गाडी धरू. एका चाकावर पाचशे किलो. ३२ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार केला तर टायर सव्वादोनशे चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा १८ पौंडांवर आणली की हीच जागा जवळपास चारशेवर जाते. वजन तेच, पण पसरले, म्हणून वाळू ते पेलते. टायर रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो, त्यामुळे चाकापुढे वाळूचा ढीग साचत नाही. १५ पौंडांच्या खाली जायचे टाळावे, कारण जोरात वळवल्यावर टायर रिममधून निसटू शकतो. डांबरावर परतताना हवा पुन्हा भरायलाच हवी. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि दाब मोजायचे मीटर सोबत नसेल, तर हवा कमी करूच नये.

हे वाचून कुणी कळंब, राजोडी किंवा भुईगावच्या किनाऱ्यावर प्रयोगाला जाऊ नये. ओहोटीची ओली वाळू वरून टणक दिसते, पण गाडी थांबली की टायरखालची वाळू हलून मऊ होते आणि चाक बसते. ओहोटीपासून भरती पूर्ण व्हायला सुमारे सहा तास लागतात, आणि या सपाट किनाऱ्यांवर पाणी मधल्या टप्प्यात झपाट्याने आत येते. खारे पाणी ब्रेक, बेअरिंग, वायरींचे जोड यांत शिरले की दुरुस्ती संपता संपत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे किनारा कोळ्यांचा आहे. तिथे वलांड्यांवर बोंबील वाळतात, होड्या ओढल्या जातात, मुले खेळतात. तुंगारेश्वरचे जंगलही अभयारण्य आहे. तिथे परवानगीखेरीज गाडी नेणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा भंग ठरतो. कसब शिकायचेच असेल तर इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे.

पाण्याचे गणितही वजनाचेच. हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. हा आकडा उभ्या पाण्याचा, सपाट तळाचा आणि चालण्याच्या वेगाचा समजावा. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, हे आपण विसरलेलो नाही. तसे पाणी रस्त्यावर असताना खाली उघडे गटार आहे की खड्डा, हे वरून दिसत नाही. वेगाने शिरलो तर बोनेटपुढे लाट उठते आणि हवा घेणाऱ्या तोंडात पाणी जाते. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये, याचे कारण हेच.

वाहते पाणी आणखी धोक्याचे. पाणी दाराच्या खालच्या काठावर चढले की बंद केबिन तरंगू पाहते. टायरवरचे वजन कमी होते आणि कडेने लागणारा प्रवाह गाडीला ढकलू लागतो. दोन टनांची गाडी आहे, ती कशाला हलते, ही समजूत जीवघेणी आहे. जव्हार-मोखाड्याकडे पावसात ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबावे. पाऊस ओसरला की असे ओढे बहुधा लवकर उतरतात.

खाजणातला चिखल वेगळाच. तो चिकट असतो, टायरच्या खाचा भरून टाकतो आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे हलका, एकसारखा वेग ठेवावा, मध्येच गिअर बदलू नये. रुतल्यावर टोचन लावताना दोर गाडीच्या चॅसीवरच्या हुकालाच बांधावा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीच नाही. झटका बसून तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, आणि जगभर यात माणसे गेली आहेत. दोर ताणला असताना आसपास कुणी उभे राहू नये.

शेवटी सामान. हौद्याचा मोठा भाग मागच्या आसाच्या वर आणि मागे असतो. सगळे जड सामान दाराशी ठेवले तर पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग सैल वाटते आणि चढावर गाडी वळेनाशी होते. पाण्याचे कॅन, बॅटरी, हत्यारे केबिनच्या भिंतीला लावून, तळाशी ठेवावीत. गादी, कपडे मागे. टपावरचा तंबू पन्नास-साठ किलोंचा असतो, आणि इतक्या उंचीवरचे वजन आडव्या उतारावर गाडीला कलंडायला मदत करते. त्यापेक्षा हौद्यात किंवा जमिनीवर झोपणे मला पटते. लोखंडी बुलबार लावू नये. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यांच्यावर बंदी घातली आहे. कंपनीच्या मूळ रचनेत मोठे फेरफार चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

पाच माणसे साडेतीनशे किलो, साठ लिटर पाणी साठ किलो, तंबू, शेगडी, फ्रीज, स्टेपनी धरली की परवानगीची मर्यादा अंदाजापेक्षा लवकर येते. म्हणून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक अशा वाटेला निघण्याआधी, सगळे भरून आणि सगळ्यांना बसवून, गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग पूर्ण गाडी. दोन्हींची वजाबाकी म्हणजे मागच्या आसावरचे वजन. एकूण वजन आरसीवरच्या कमाल वजनाशी आणि आसांचे आकडे गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहावेत. जास्त भरले तर फ्रीज आधी उतरवावा, पाणी नाही.