मेलेली बॅटरी आणि पेटंटाचें कुंपण

डांबर हा एके काळीं दगडी कोळशापासून गॅस करणाऱ्या कारखान्यांचा नकोसा गाळ होता. १८५६ सालीं विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यानें त्यापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग तयार केला, त्याचें पेटंट घेतलें, आणि पाहतां पाहतां त्या गाळाला भाव आला. टाकाऊ वस्तु आणि ती उपयोगांत आणण्याच्या युक्तीची मालकी यांची सांगड अशी जुनीच आहे. आज तीच पाळी निकामी झालेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांवर आली आहे. मोबाइल फोन, लॅपटॉप, विजेवर चालणारी स्कूटर व मोटार या सर्वांत हीच बॅटरी असते. ती थकली म्हणजे घरांतील माणसें ती एखाद्या खणांत टाकून देतात, नाहीं तर कबाड्याला किरकोळ भावानें विकतात. परंतु जगांतील मोठमोठे कारखाने व विद्यापीठें त्याच कबाडासाठीं पेटंटांची चढाओढ करीत आहेत. ही चढाओढ कशासाठीं आहे, तिचे नियम कोणते, आणि नागपूरचा तिच्याशीं संबंध काय, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

बॅटरीच्या आंत दोन पातळ पत्रे असतात. तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा थर असतो, आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एका काळ्या पुडीचा. ही पूड म्हणजेच कॅथोड द्रव्य, अर्थात् बॅटरीच्या धन टोकाचा पदार्थ. बॅटरी वापरांत असतांना लिथियमचे कण ग्रॅफाइटमधून निघून या पुडींत शिरतात. बॅटरी चार्ज करतांना तेच कण उलट वाटेनें परत जातात. एखाद्या वाड्यांतील बिऱ्हाडकरूंनीं सकाळीं बाहेर पडावें व रात्रीं परत यावें, तसा हा प्रकार आहे. या वाड्याचें बांधकाम मात्र मोठें खर्चाचें असतें. कोठें तें कोबाल्टचें, कोठें निकेल, मँगनीज व कोबाल्ट या तिघांचें मिळून, तर कोठें लोह व फॉस्फेट यांचें असतें. सबंध सेलमध्यें सर्वांत महाग भाग हाच. शेंकडों फेऱ्यांनंतर कांहीं लिथियम वाटेंतच अडकून पडतें, वाड्याच्या भिंतींना तडे जातात, आणि बॅटरी मेली असें लोक म्हणतात. वस्तुतः तिच्यांतील धातु जशाचे तसे तिच्यांतच असतात. फक्त त्यांची मांडणी बिघडलेली असते.

हे धातु परत मिळविण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट भट्टीची. तींत बॅटऱ्या प्रखर उष्णतेनें वितळवितात. कोबाल्ट, निकेल व तांबें यांचा मिश्रधातु वेगळा होतो. पण लिथियम, ॲल्युमिनियम व बहुतेक मँगनीज मळीबरोबर निघून जातें. दुसरी वाट आम्लाची. तींत बॅटऱ्या फोडून व चाळून पत्रे वेगळे काढतात. जो काळा भुगा उरतो त्याला धंद्यांत ‘ब्लॅक मास’ असें नांव आहे. हा भुगा गंधकाम्लांत विरघळवून एकेक धातु क्षाररूपानें वेगळा करतात, आणि त्या क्षारांपासून नवी पूड बनवितात. तिसरी वाट दुरुस्तीची. तींत वाडा पाडून विटा मोजीत बसण्याऐवजीं आहे तोच वाडा डागडुजी करून उभा करतात. जुन्या पुडीला लिथियमचा क्षार देऊन ठराविक उष्णतेंत भाजलें कीं तिची रचना सुधारते. हिच्यांत श्रम व इंधन दोन्ही कमी लागतात. परंतु निरनिराळ्या जातींच्या बॅटऱ्या एकत्र आल्या तर ही युक्ति चालत नाहीं, आणि दुरुस्त झालेली पूड जुन्याच पाककृतीची राहते. बाजाराची आवड तोंपर्यंत बदललेली असते. या अडचणी जो दूर करील त्याच्या हातीं मोठें घबाड लागेल, म्हणूनच या तिसऱ्या वाटेवरहि पेटंटें घेतलीं जात आहेत.

पेटंट म्हणजे सरकारनें संशोधकाशीं केलेला एक करार होय. संशोधकानें आपली युक्ति अशा स्पष्टपणें लिहून द्यावी कीं, त्या विषयांतील जाणत्या माणसाला केवळ लेखावरून ती करून पाहतां यावी. त्याच्या मोबदल्यांत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें इतरांस ती युक्ति वापरण्यापासून अडविण्याचा हक्क त्याला मिळतो. म्हणून पेटंटाला कुंपण म्हणणें अर्धेंच खरें आहे. त्या कुंपणावर आंतल्या बागेचा नकाशा टांगलेला असतो, आणि कुंपण केव्हां पडणार तो दिवसहि लिहिलेला असतो. ‘जुन्या बॅटरींतून धातु काढणें’ एवढ्या मोघम गोष्टीचें पेटंट कोणासहि मिळत नाहीं. एकजण आम्लाच्या तीव्रतेवर हक्क सांगतो, दुसरा भाजण्याच्या उष्णतेवर, तिसरा धातु वेगळे करण्याच्या क्रमावर. अशीं लहान लहान कुंपणें इतकीं दाट होतात कीं, नव्या माणसाला कोठें पाऊल ठेवावें तें कळेनासें होतें.

या कुंपणांनीं काय घडतें याचे तीन दाखले बॅटरीच्याच इतिहासांत आहेत. १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनीं लिथियम व कोबाल्ट यांच्या ऑक्साइडचें कॅथोड शोधून काढलें. विद्यापीठानें त्याचें पेटंट घेण्याचें नाकारलें. शेवटीं हार्वेल येथील ब्रिटिश अणुशक्ति संशोधन केंद्रानें तें घेतलें, आणि संशोधकानें आपला आर्थिक हक्क सोडून दिला. १९९१ सालीं सोनी कंपनीनें याच तत्त्वावरील बॅटरी बाजारांत आणली. गुडइनफ यांस २०१९ सालीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं नोबेल पारितोषिक मिळालें. बॅटरीच्या विक्रींतील वांटा मात्र मिळाला नाहीं.

दुसरा दाखला लोह-फॉस्फेटचा. १९९७ सालीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत गुडइनफ यांच्याच हाताखालीं अक्षय पाढी या भारतीय संशोधकानें हें स्वस्त व सुरक्षित कॅथोड पुढें आणलें. त्याच्या पेटंटांवरून अनेक वर्षें कोर्टकज्जे चालले. पुढें पेटंटधारकांच्या संघानें चिनी कारखान्यांना चीनपुरता माल विनाशुल्क करण्याची मुभा दिली. निर्यातीवर मात्र बंधन ठेवलें. चीनमधील कारखान्यांनीं त्या अवधींत अफाट उत्पादन व हातोटी कमावली. २०२२ च्या सुमारास मूळ पेटंटांची मुदत संपली आणि बाग सर्वांस मोकळी झाली. परंतु तोंपर्यंत माळीकाम एकाच देशाला अवगत झालें होतें. जुलै २०२५ मध्यें चीननें या जातीच्या कॅथोडच्या तंत्रज्ञानावर निर्यातीचे निर्बंध घातले. पेटंट संपलें म्हणजे विद्या आपोआप हातीं येते असें नाहीं, हा त्याचा धडा.

तिसरा दाखला निकेल-मँगनीज-कोबाल्ट या त्रयीचा. अमेरिकेंतील अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा व जर्मनीची बी.ए.एस.एफ. कंपनी यांनीं २०१५ सालीं बेल्जियमच्या युमिकोर कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे फिर्याद केली. पुडीची अंतर्रचना कोणाच्या पेटंटांत बसते यावर वाद झाला. डिसेंबर २०१६ मध्यें निकाल फिर्यादींच्या बाजूनें लागला, आणि २०१७ सालीं उभयतांचा समेट झाला. ही युमिकोर कंपनी जुन्या बॅटऱ्या वितळवून धातु काढणाऱ्या अग्रगण्य कंपन्यांपैकीं एक आहे. पूड विकणारा आणि पूड परत मिळविणारा हे आतां एकच होऊं लागले आहेत, हें यांतून ध्यानांत येईल.

भारताचा कायदा या बाबतींत बराच सावध आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (घ) अन्वये, माहीत असलेल्या प्रक्रियेचा नुसता वापर हा शोध मानला जात नाहीं. त्यांतून नवा पदार्थ निघावा लागतो किंवा निदान एक तरी नवें अभिक्रियाकारक द्रव्य वापरलेलें असावें लागतें. याच कलमाच्या पूर्वार्धावर १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नोव्हार्टिस कंपनीच्या कर्करोगावरील औषधाचा अर्ज अमान्य ठरविला होता. गंधकाम्लांत धातु विरघळविणें ही जुनीच गोष्ट असल्यानें, बॅटरीचें नांव जोडून तिच्यावर मक्तेदारी मागणाऱ्यास हें कलम आड येऊं शकतें. अर्ज साधारणतः १८ महिन्यांनंतर प्रसिद्ध होतो, आणि त्यानंतर पेटंट मंजूर होण्यापूर्वीं कोणीहि त्यास लेखी हरकत घेऊं शकतो. कलम ४७ प्रमाणें प्रयोगासाठीं अथवा विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठीं पेटंट घेतलेली युक्ति करून पाहण्यास मुभा आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, पेटंट ज्या देशांत घेतलें त्याच देशांत चालतें. आंतरराष्ट्रीय अर्जदारानें पहिल्या अर्जापासून ३१ महिन्यांत भारतांत पाऊल टाकलें नाहीं, तर ती युक्ति येथें मोकळी राहते. मात्र तशा रीतीनें केलेला माल, जेथें पेटंट जिवंत आहे त्या देशांत पाठवितां येत नाहीं.

आतां नागपूरकडे वळावें. रामटेकच्या वाटेवरील मनसर व कांद्री, सावनेरजवळील गुमगांव, आणि भंडारा जिल्ह्यांतील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी आहेत. त्या चालविणाऱ्या मॉयल या सरकारी कंपनीचें मुख्य कार्यालय नागपुरांतच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून येथील मँगनीजचा दगड जसाच्या तसा बोटींवर चढून परदेशीं जात असे. दगड येथला, घाम येथला, आणि त्यापासून होणारें पोलाद मात्र दुसऱ्याचें, असा तो व्यवहार होता. पुढें डोंगरी बुजुर्ग येथें विद्युत्-विश्लेषणानें शुद्ध मँगनीज डायऑक्साइड करण्याचा कारखाना निघाला. तें द्रव्य टॉर्चच्या कोरड्या सेलमध्यें वापरतात. म्हणजे कॅथोड द्रव्य बनविण्याची कला विदर्भाला अगदींच परकी नाहीं.

ब्लॅक मासच्या बाबतींत तोच जुना व्यवहार पुन्हा होण्याचें भय आहे. कबाड्यानें बॅटऱ्या गोळा कराव्या, कारखान्यानें त्या फोडून भुगा करावा, भुगा परदेशीं जावा, आणि त्यांतील कोबाल्ट व निकेल नव्या पुडीच्या रूपानें दामदुपटीनें परत विकत घ्यावें, अशी सांखळी सहज जमते. भारतांत कोबाल्टची स्वतःची अशी खाण नाहीं. कोबाल्टच्या बाबतींत मेलेली बॅटरी हीच भारताची खाण आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं यासाठीं बंधनें घातलीं आहेत. विजेच्या वाहनांच्या व हातांतील उपकरणांच्या बॅटऱ्यांमधून २०२४-२५ सालीं ७० टक्के, २०२५-२६ सालीं ८० टक्के आणि २०२६-२७ पासून ९० टक्के द्रव्य परत मिळविलें पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें महत्त्वाच्या खनिजांच्या पुनःप्राप्तीसाठीं १५०० कोटि रुपयांची प्रोत्साहन योजनाहि मंजूर केली. परंतु नव्वद टक्के मिळविण्याची हातोटी नियमानें येत नाहीं, आणि पैशानेंहि विकत मिळेलच असें नाहीं. ती शिकावी लागते.

शिकण्याचें साहित्य नागपुरांतच आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. १९७५ सालीं भारत सरकारनें जगांतील पेटंटांचे लेख संग्रहित करण्यासाठीं ‘पेटंट इन्फर्मेशन सिस्टिम’ ही संस्था याच शहरांत स्थापिली. तिच्याच जोडीला सिव्हिल लाइन्समध्यें राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचें शिक्षण तेथें होतें. खनिजांचा देशव्यापी हिशेब ठेवणाऱ्या भारतीय खाण ब्यूरोचें मुख्यालय येथेंच आहे. वाडी येथें ॲल्युमिनियम व इतर धातूंच्या संशोधनाचें जवाहरलाल नेहरू केंद्र आहे, आणि विश्वेश्वरय्या संस्थेंत धातुशास्त्र शिकविलें जातें. खाण, प्रयोगशाळा आणि पेटंटांचें ज्ञान हीं तिन्ही एका गांवांत सांपडणें दुर्मिळ होय.

धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यानें किंवा हिंगणा अथवा बुटीबोरी येथील लहान कारखानदारानें काय करावें, याचें उत्तर यावरून निघतें. नवी युक्ति शोधण्यापूर्वीं जुन्या कुंपणांवरील नकाशे वाचावे. भारतीय पेटंट कार्यालयाचें दप्तर आतां घरबसल्या विनामूल्य पाहतां येतें. एखाद्या युक्तीविषयीं चार प्रश्न विचारावे: पेटंट भारतांत घेतलें आहे काय, त्याचें वार्षिक शुल्क भरलें जातें काय, त्याची मुदत कधीं संपते, आणि त्यांतील दावे नेमके कोठवर पोंचतात. शुल्क थकलें तर पेटंट मुदतीपूर्वींच गळून पडतें. ज्याचा अर्ज २००६ सालचा आहे तें २०२६ सालीं सर्वांचें होतें. अशा मोकळ्या झालेल्या पायवाटांवर चालून हात बसवावा, आणि हात बसतां बसतां जें खरोखर नवें सुचेल त्याचें पेटंट वेळेवर घ्यावें. तें प्रसिद्ध करण्याची घाई करून आपला हक्क गमावूं नये, कारण अर्जापूर्वीं छापून आलेली युक्ति सामान्यतः नवी राहत नाहीं.

घरांतील माणसांचाहि यांत वांटा आहे. मेलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यांत टाकूं नये. ती दबली किंवा फुटली तर आग लागते, आणि कचऱ्यांत मिसळल्यावर तिच्यांतील धातु कोणाच्याच हातीं लागत नाहीं. ती अधिकृत संकलन केंद्रांत अथवा विक्रेत्याकडे परत द्यावी. शंभर वर्षांपूर्वीं मनसरचा दगड बोटीवर चढतांना त्याचें मोल येथें थोड्यांस ठाऊक होतें. आज घरच्या खणांतील बॅटरीचें मोल ठाऊक आहे, आणि तिच्या विद्येचे लेखहि हाताशीं आहेत.