बिघ्यावरून चौरस फुटावर

राजवाड्यासमोर उभे राहून शेत किती दूर आहे, हे आज सांगणे कठीण झाले आहे. आमच्या बाळपणी तसे नव्हते. कनाडिया, निपानिया या गावांहून गव्हाच्या बैलगाड्या पहाटे निघत आणि दुकाने उघडण्याच्या आत छावणीच्या मंडीत येऊन लागत. मूठभर गहू हाती घेताच तो कोणत्या शिवारातील, हे आमचे वडील सांगत.

माळव्याची काळी भूमी ओल धरून ठेवते. पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यावर हिवाळ्यात गहू पिके. भूमीचा कस राखण्याची विद्याही जगाने इंदूरकडून घेतली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात येथे काडीकचरा, शेण व मूत्रमाती यांचे थर रचून खत करण्याची रीत बसविली. ती देशोदेशी ‘इंदूर पद्धती’ म्हणून ओळखली जाते. त्याच इंदूरच्या सभोवतीची काळी माती आता पायाखाली, म्हणजे इमारतींच्या पायाखाली, जात आहे.

२०१४ साली २९ गावे महानगरपालिकेच्या हद्दीत आली; कनाडिया व निपानिया त्यांतलीच. रस्ते झाले, दिवे आले, हे नाकारता येणार नाही. परंतु बिघ्याने विकली जाणारी भूमी एकदा चौरस फुटाने विकली जाऊ लागली, की तिच्यात किती क्विंटल पिकते हे कोण विचारतो?

दोष केवळ कॉलनी पाडणाऱ्यांचा नव्हे. आपल्यापैकी कितीएकांनी गल्ल्यातील नफा प्लॉटांत घातला! आम्हीही घातला. परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र व वास्तू यांची मर्यादा आरंभीच सांगितली आहे. आम्ही सोन्याची मर्यादा केली; भूमीची राहून गेली.

ज्या घरचा गहू आमच्या पेढीने दोन पिढ्या घेतला, त्या घरच्या वृद्ध शेतकऱ्याने काही वर्षांपूर्वी शेत विकले. तीन मजली घर झाले, मोटार आली. त्या पैशातून दूर कोठे भूमी घ्यावयाची होती. भाव तेथेही पुढे पळाले. गेल्या वैशाखात तो दुकानी आला. जुन्या सवयीने आम्ही विचारले, “दादा, माल किती आणला?”

“सेठजी, वर्षाचा गहू न्यायला आलो आहे.”

त्याने नमुना तळहातावर घेतला, दोन दाणे चावून पाहिले आणि म्हणाला, “हा देपालपूरकडचा.” बरोबर होते. आम्ही तागडी लावण्यास सांगितले.