आधी पाणी, मग दवाखाना!

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यातून ऑपरेटरला रिक्षात घालून माझ्या दवाखान्यात आणले. यंत्रातले तेल काढताना अमोनियाचा फवारा तोंडावर आला होता. डोळे घट्ट मिटलेले, चेहरा लालबुंद, खोकला थांबत नव्हता.

"डोळे धुतले का?" मी विचारले.

"नाही, डॉक्टरसाहेब. म्हटलं, वेळ कशाला घालवा, आधी तुमच्याकडंच आणावं," सोबतचा माणूस म्हणाला.

बर्फाच्या कारखान्यात पाण्याला काय तोटा! पण यायला लागलेली वीस मिनिटे कोरडीच गेली. पुढे त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. एक डोळा वाचला, दुसऱ्यात कायमचे फूल पडले.

बर्फ कारखाने, दूध डेअऱ्या, मासळी आणि फळांची शीतगृहे येथे थंडावा निर्माण करण्यासाठी अमोनिया वापरतात. या वायूला पाण्याची भारी ओढ. डोळे, नाक, घसा, फुप्फुसे ही आपली ओली इंद्रिये. तेथील पाण्यात मिसळून त्याचा तीव्र क्षार बनतो. आम्लापेक्षा क्षार अधिक घातक, कारण तो डोळ्यात खोलवर शिरत जातो. म्हणून पहिली मिनिटे मोलाची.

डोळ्यात अमोनिया गेल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान १५ मिनिटे, शक्य तर अर्धा तास सोडावी. भिजलेले कपडे काढून अंगावरही भरपूर पाणी ओतावे. लिंबू, दूध, मध, तूप असले काही घालू नये. मगच नेत्रतज्ज्ञ गाठावा आणि वाटेतही धार चालू ठेवावी.

वायू छातीत गेला असेल तर "आता बरं वाटतंय" म्हणून घरी जाऊ नये. काही तासांनी फुप्फुसात पाणी साठून दम लागू शकतो. अशा रुग्णाला देखरेखीखाली ठेवणेच शहाणपणाचे.

आता नाकाविषयी. "वास तर रोजचाच, साहेब," असे कामगार सांगतात. धोका नेमका येथेच आहे. सतत वासात राहिले की नाक बोथट होते. आपल्या जुन्या कारखाना कायद्याने आठ तासांच्या पाळीत हवेच्या दहा लाख भागांत सरासरी २५ भाग अमोनिया ही मर्यादा घालून दिली होती. ३०० भागांना जिवाचा धोका मानतात. हा फरक नाक मोजू शकत नाही, त्यासाठी गळतीसूचक यंत्रच हवे. वायू हवेपेक्षा हलका असल्याने ते यंत्रघरात उंचावर बसवतात आणि त्याची ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. नेमकी गळती शोधायला ओला लाल लिटमस कागद उपयोगी पडतो. गळतीजवळ तो निळा होतो. मोठ्या गळतीत मात्र थंड वायूचा पांढरा ढग जमिनीलगतही पसरतो. अशा वेळी वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे. श्वसनसंच घातल्याशिवाय कोणाला वाचवायलाही आत शिरू नये.

लहान गळती लहान राहत नाही. कॅनडातील फर्नी गावच्या बर्फ-क्रीडागृहात १७ ऑक्टोबर २०१७ रोजी अमोनियाने तिघांचा बळी घेतला. शीतकातून वायू झिरपतो आहे, हे काही महिने आधीच दिसले होते. तरीही तो पुन्हा चालू केला गेला होता.

मालकांनी गळतीसूचक यंत्र, श्वसनसंच आणि यंत्रघराजवळ डोळे धुण्याचा नळ एवढी तरी सोय करावी. कामगार बंधूंनो, उद्या कामावर गेलात की जवळचा पाण्याचा नळ किती पावलांवर आहे, ते मोजून ठेवा. डोळे मिटूनही तेथे पोहोचता आले पाहिजे.